पाठीला माती

पहिल्या दिवशी कोच म्हणाले, "आडवे व्हा."

मी इकडंतिकडं पाहिलं. रविवारचं पहाटे 5 ला उठून, मंचर सोडून, खेड ओलांडून, चाकणच्या चौकात पाऊण तास गाडी बंद-चालू करत मी भोसरी गाठली होती. एवढं करून आडवंच व्हायचं, तर घरची गादी काय वाईट होती?

"उताणे," कोचनी खुलासा केला. "पाठ टेकवा मॅटला."

माझ्या तीन पिढ्या दचकल्या.

त्या का दचकल्या ते कळायला आमच्या भागात यावं लागेल. आमचं गाव मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधलं. अर्धी सोयरीक जुन्नर तालुक्यात, अर्धी आंबेगावात, भांडणं दोन्हीकडं. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. त्याआधी पंचमंडळी नारायणगावला जाऊन राहुट्यांमध्ये बसून तमाशाची सुपारी देऊन येतात. जत्रेच्या दिवशी सकाळी घाटात बैलगाडे, उन्हं कलली की कुस्त्या, रात्री तमाशा. बैलगाडे मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीनं थांबले होते, ते 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर सुटले. कुस्तीवर कुणी बंदी घातली नाही, कारण तिच्यात हाल फक्त माणसांचे होतात.

आमच्या घरातले सगळे पुरुष त्या आखाड्यात उतरलेले. आजोबा, चुलते, थोरला भाऊ. चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय 76. दोन्ही कान कुस्तीत मोडून सुक्या जर्दाळूसारखे झालेले, त्यामुळं हल्ली मोबाईल कानाला लावला तरी तो नीट बसत नाही आणि त्यांचं सगळं बोलणं स्पीकरवर, म्हणजे गावासमोर होतं. अण्णांचा जन्मभराचा उपदेश एकच: पाठीला माती लागू द्यायची नाही. हा उपदेश ते कुस्तीला, सोसायटीच्या निवडणुकीला आणि बांधाच्या दाव्याला सारखाच लावतात.

मराठी भाषासुद्धा अण्णांच्याच बाजूची आहे. एखाद्याला हरवलं की आपण त्याला चितपट केलं म्हणतो, लोळवलं म्हणतो, अस्मान दाखवलं म्हणतो. फारच हरला असेल तर चारी मुंड्या चीत. म्हणजे आभाळ दिसलं की खेळ संपला. निवांत उताणं पडून आभाळ बघण्याची मुभा आमच्याकडं फक्त उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्याला, आणि त्यालाही लोक विचारतात, पाऊस बघतोय का?

त्यात बिबट्या. बिबट्याची चेष्टा मला करवत नाही, आमच्या शिवारांत माणसं गेली आहेत. पण वनखात्याची मंडळी येऊन काय सांगतात? उसाकडेला एकट्यानं वाकून काम करू नका, उघड्यावर खाली बसू नका. वाकलेला माणूस बिबट्याला जनावराएवढा दिसतो. आखाडा असो नाहीतर उसाचा फड, उभं राहा, हेच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि इकडं हे कोच, वय फार तर 30, कमरेला काळा पट्टा, मला शांतपणे सांगताहेत: पाठ टेका, लढाई इथून सुरू होते.

मुळात मी या भानगडीत पडलोच कसा? वय 47, नोकरी पतसंस्थेत, पोट कर्जासारखं: वाढतं, फिटत नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. गावात व्यायामशाळा आहे. आमदार निधीतून झालेली, दारावर पाटी, दाराला कुलूप, आत गणपतीचं डेकोरेशन आणि मंडळाचे ढोल. खरी तालीमही आहे, अजून चालू आहे, पण तिथं 47 व्या वर्षी लंगोट लावून गेलो असतो तर सगळ्या गावानं एकच प्रश्न विचारला असता: "बांधाचं मिटलं न्हाई का अजून?" मग पुतण्यानं मोबाईलवर ब्राझिलियन जुजुत्सू दाखवलं. दोन माणसं चटईवर एकमेकांत गुंतून शांत पडली होती. मला वाटलं, व्हिडिओ अडकलाय. पुतण्या म्हणाला, "न्हाई काका, हीच फाईट." पडल्या पडल्या करायचा व्यायाम! माझं मन तिथंच बसलं.

फोनवर कोचनी विचारलं होतं, "गी आहे का तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "आहे की. गाईचं हवं का म्हशीचं?"

गी म्हणजे त्या खेळाचा जाड पांढरा अंगरखा आणि विजार. अण्णांना मात्र तो गैरसमज खुलासा केल्यावरही सोडवेना. तुपाशिवाय पैलवानकी कशी होईल, म्हणून त्यांनी डबा दिलाच. खेळाचं नावही त्यांनी पहिल्या फटक्यात सुधारून घेतलं. "कुठं चाललाय रं? त्या जुजबी जित्सूला?"

तर मी पाठ टेकली. मग कोचनी मला पहिली हालचाल शिकवली. तिला तिकडं श्रिम्प म्हणतात, म्हणजे कोळंबी. उताणं पडायचं, एक पाय रोवायचा, कुशीवर वळून ढुंगण मागं फेकायचं आणि अंग कोळंबीसारखं वाकवायचं, की वर बसलेल्या माणसाच्या खालून सुटायला फट मिळते. सगळा वर्ग हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा सरकत गेला. मी समुद्रापासून लांबचा माणूस. आमच्या आठवडे बाजारात कोळंबीची जात येते ती सुकट होऊन. मीही 20 मिनिटांत तसाच झालो.

कोळंबी झाल्यावर गार्ड. गार्ड म्हणजे खालच्या माणसानं वरच्याला दोन्ही पायांत अडकवून धरणं. वरच्यानं त्या पायांतून वाट काढून बगलेशी यायचं, खालच्यानं येऊ द्यायचं नाही. शिवनेरीला सात दरवाजे आहेत, एक ओलांडला की दुसरा. या पोरांचे पायही तसेच. एक गुडघा दाबला की दुसरा आडवा, तो ढकलला की पाऊल कमरेवर, पाऊल काढलं की बाहीला धरलेली मूठ. गडावर मी दरवर्षी शिवजयंतीला जातो. इथं सहा महिन्यांत मला महादरवाजाही ओलांडता आलेला नाही.

वर्गात बहुतेक कॉम्प्युटरवाली पोरं, हिंजवडीत नोकरी, पाठ दुखते म्हणून आलेली. आणि एक मुलगी, दातांची डॉक्टर, वजन 50 किलोच्या आसपास. कोचनी माझी जोडी तिच्याशी लावली. मी जरा नाराज झालो. म्हटलं, लेकीच्या वयाची पोर, हिच्याशी काय झटायचं? तिनं वाकून, "काका, सांभाळून हं," म्हटलं. मी मोठेपणानं म्हणालो, "तू सांभाळ बाळा." पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझा एक हात माझ्याच मानेभोवती आला होता, तिचा पाय माझ्या दुसऱ्या खांद्यावर होता, आणि मी मासवडीतलं सारण झालो होतो. ज्यांनी आमच्याकडची मासवडी करताना पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. ओल्या फडक्यावर बेसन थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचा मसाला पसरायचा आणि फडक्यानंच गुंडाळत, दाबत, कडा बंद करत जायचं. मसाल्याला सुटायला कुठंही जागा ठेवायची नाही. वरून आवाज आला, "काका, श्वास घ्या." दाढ काढतानाही ती याच सुरात बोलत असणार.

श्वास नसला की काय करायचं, तर थोपटायचं. याला टॅप म्हणतात. समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हातानं दोन-तीनदा थापटलं की तो लगेच सोडतो. पुन्हा हात मिळवायचा, पुन्हा सुरू. साधी गोष्ट. पण आमच्या हातांना थापटायची एकच पद्धत माहीत: मांडीवर, जोरात, शड्डू म्हणून. शड्डू म्हणजे ये, बघतो तुला. इथं तोच आवाज म्हणजे सोड रे बाबा. पहिल्या महिन्यात माझा गोंधळ दोन्हीकडून झाला. एकदा कोचनी मला मागून गळा आवळायचा डाव शिकवला आणि स्वतःचीच मान पुढं केली. मी आवळला. त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. आमच्याकडं वस्तादाची थाप म्हणजे शाबासकी. मी हुरूप येऊन आणखी आवळला. त्यांनी आणखी जोरात शाबासकी दिली. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंनी येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

सोमवारी पतसंस्थेत गेलो तर मानेवर वळ, मनगटावर निळं, कानाची पाळी लाल. कॅशियरनं हळूच विचारलं, "वसुलीला एकटेच गेला होता का?" त्या आठवड्यात दोन थकबाकीदार आपणहून हप्ता भरून गेले.

घरात वेगळीच अडचण. तो गी धुतल्यावर पोत्याएवढा जड होतो आणि पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही. बायको म्हणाली, "भांडायचंच आहे तर जुन्या शर्टात भांडा." तिला मी पट्ट्यांचं सांगून पाहिलं: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा, नेमानं गेलं तर काळ्यापर्यंत दहाएक वर्षं लागतात. तिनं हिशेब केला. 57 व्या वर्षी काळा, 58 व्या वर्षी निवृत्ती. "मग तो बांधून बसा ओट्यावर." मी गप्प बसलो. आमच्या कुस्तीत पट्टे नाहीत, पण पायऱ्या आहेतच की: पोरासोरांची रेवड्यांवर, मग नारळावर, मग फेट्यावर, मग रोख इनामावर, आणि अगदी वर पोचला तर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा. आमचं घराणं फेट्यापर्यंत पोचलं होतं. मी लहानपणी रेवड्या घेऊन आलो होतो, त्याही हरून; पंचांना दया आली म्हणून मूठभर मिळाल्या.

अण्णांना या खेळाची हकीकत सांगायचा कार्यक्रम कांद्याच्या बराखीत झाला. ते कांदे निवडत होते, मी बसलो होतो. सांगितलं की जपानातला एक ज्युदोवाला, मित्सुयो माएदा, देशोदेशी कुस्त्या मारत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. तिथं त्यानं ग्रेसी घराण्यातल्या कार्लोस नावाच्या पोराला डाव शिकवले, मग त्या भावाभावांनी मिळून आपली तालीम काढली, जमिनीवरची लढत वाढवली आणि नाव केलं.

"म्हंजी वस्ताद जपानी," अण्णा म्हणाले. "मंग नाव ब्राझीलचं का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी 1951 ची गोष्ट काढली. रिओच्या माराकाना मैदानात त्याच घराण्यातला एलिओ ग्रेसी आणि जपानचा मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरा अंगानं केवढा तरी थोराड. त्यानं एलिओचा हात पाठीमागं पिळला. एलिओ थोपटेना. हात मोडला, तरी थोपटेना. शेवटी त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला.

अण्णांच्या हातातला कांदा तसाच राहिला. "हात मोडला?"

"मोडला."

"आन् पाठ?"

"पाठ आधीपासून खालीच होती अण्णा. तिकडं पाठ मोजत नाहीत."

अण्णांनी तो कांदा बराच वेळ निवडला. मग मी त्यांना यातली मला आवडलेली गोष्ट सांगितली: तो हात पिळायचा डाव ब्राझीलवाल्यांनी ठेवून घेतला आणि त्याला नाव दिलं किमुरा. हरवणाऱ्याचं नाव, हरलेल्यांनी दिलेलं. आपल्याकडं डावांना नावं कामधंद्याची: धोबीपछाड, घिस्सा, मोळी, बांगडी. शत्रूचं नाव डावाला देण्याइतकं मोठं मन आमच्या दोन तालुक्यांत तरी मी पाहिलेलं नाही. आम्ही शत्रूचं नाव कुत्र्याला देतो.

हे आमच्या गावातल्या गुरुजींच्या कानावर गेलं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एक नियम आहे: जगात कुठंही काही निघालं तर ते आधी आपल्याकडं होतं. विमान झालं, आता जुजुत्सू. त्यांनी मला पारावर गाठलं. "हे आपलंच आहे. कुस्तीचे चार प्रकार: हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी. हनुमंतीत युक्ती, भीमसेनीत ताकद, जांबुवंतीत सांधे अडकवून शरण आणायचं, जरासंधीत तर हाडंच मोडायची. तुझं ते ब्राझीलचं म्हणजे जांबुवंती." मी मान्य केलं. गुरुजी तेवढ्यावर थांबणारे नव्हेत. चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, त्यात मल्लविद्येवर सबंध प्रकरण आहे, हेही त्यांनी ऐकवलं. तेही खरंच आहे. मी फक्त एवढंच विचारलं की जांबुवंती आपली होती तर ती शिकायला मला चाकणची ट्रॅफिक का ओलांडावी लागते? गुरुजी म्हणाले, "तू मुळात प्रश्न चुकीचा विचारतोस." ज्याच्या नावाची ही जांबुवंती, तो जांबवान आणि कृष्ण भागवतात 28 दिवस झुंजले. माझी धाव दीड मिनिटाची. तेवढ्यात मी शरण येतो, आणि स्यमंतक मणी माझ्याकडं नसतोच.

तरीही सहा महिन्यांत काहीतरी अंगात मुरलं होतं. थोपटायची लाज गेली. वर कुणी बसलं तर पूर्वी मी म्हशीखाली सापडल्यासारखा धडपडायचो, आता कोपर आत घेऊन कोळंबी होतो. आणि एक डाव बऱ्यापैकी बसला होता, तो म्हणजे स्वतःहून खाली बसून समोरच्याला गार्डमध्ये ओढणं. समोरच्याची बाही आणि गळपट्टी धरायची, पाऊल त्याच्या कमरेशी लावायचं, पाठ टेकायची आणि त्याला पायांत घ्यायचं. कोच म्हणाले, "काका, हे मस्त जमलंय तुम्हाला." 47 वर्षांत कुठल्याही शारीरिक गोष्टीबद्दल मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी ते घरी सांगितलं. अण्णांनी ते स्पीकरवर सगळ्यांना सांगितलं.

म्हणून यंदाच्या जत्रेत अण्णांनी पंचांकडं माझं नाव दिलं. मला न विचारता. नारळाची कुस्ती, भावकीतल्याच एका पोराबरोबर. पोरगा अकरावीत, आळंदीला तालमीत राहतो, मान माझ्या मांडीएवढी.

आखाड्याभोवती गाव बसलेलं. पंचक्रोशीतले पाहुणे, सायकलवर आईस्क्रीमवाला, झाडावर पोरं. निवेदक माइकवरून माझं नाव घेऊन म्हणाला, "पतसंस्थेचे आपले साहेब परदेशी कुस्ती शिकून आलेले आहेत!" हलगी कडाडली. अंगात अर्धी चड्डी आणि बनियन. लंगोट बांधायचं धाडस झालं नाही. पंचांनी हातावर माती दिली. मी ती कपाळाला लावली. पोरानं शड्डू ठोकला. मीही ठोकला, आणि मला वाटलं मी हरल्याचं कबूल करून बसलो की काय; पण नाही, इथं त्याचा अर्थ जुनाच होता.

खडाखडी सुरू झाली. पोराचा हात मानेवर पडला, कुणीतरी बराखीचं दार टाकावं तसा. त्या क्षणी सहा महिन्यांचं सगळं शिक्षण माझ्या अंगात आपोआप जागं झालं. धरायला बाही नव्हती, म्हणून मी त्याचं मनगट धरलं, पाऊल त्याच्या कमरेशी लावलं, सुरेख खाली बसलो, पाठ टेकली आणि दोन्ही पाय त्याच्याभोवती कुलपासारखे बंद केले. कोच असते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

पंचांनी शिट्टी वाजवली.

हलगी थांबली. पोरगा माझ्या पायांत अडकलेला, वाकून माझ्याकडं बघत होता. "काका, म्या काय केलंच न्हाई," तो घाबरून म्हणाला.

मी खालूनच ओरडलो, "आत्ता कुठं सुरुवात झालीय!"

"तुमची झाली असंल," पंच म्हणाले. "कुस्ती झाली. दोन्ही खांदे टेकल्यात."

निवेदकानं घड्याळ बघून जाहीर केलं की आखाड्याच्या इतिहासात एवढ्या लवकर कुस्ती निकाली झालेली नाही. मला वर आभाळ दिसत होतं. निळं, स्वच्छ, एक घार.

अण्णा त्या रात्री जेवायला बसेपर्यंत बोलले नाहीत. मासवडी होती. रश्श्यात भाकरी कुस्करताना म्हणाले, "येत्या ऐतवारी मला घिऊन चल."

अण्णा भोसरीला आले ते फेटा बांधून. मॅटच्या कडेला त्यांना खुर्ची दिली. तासभर त्यांनी सगळं पाहिलं: कोळंब्या, गार्ड, त्रिकोणी गळफास, डॉक्टरीणबाईंनी माझी केलेली मासवडी. मधे एकदा एका पोरानं अण्णांच्या कानांकडं बघून विचारलं, असे कान व्हायला किती वर्षं लागतात? अण्णांनी त्याला चहा प्यायला लावला. वर्ग संपल्यावर कोच पाया पडले. म्हणाले, "अण्णा, एक डाव दाखवा ना."

अण्णांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, चपला काढल्या, मॅटवर पाय ठेवून ती किती मऊ आहे ते टाचेनं दाबून पाहिलं. मग त्यांनी कोचचं मनगट आणि काख धरली. ढाक या डावाची नुसती पकड. मारली नाही, 76 व्या वर्षी मारणारही नव्हते. पण कोचचे दोन्ही पाय चटकन हलके झाले, आणि काळ्या पट्ट्याचा माणूस पाण्यात पहिल्यांदा उतरलेल्या पोरासारखा अण्णांच्या दंडाला धरून उभा राहिला. हिंजवडीची पोरं मोबाईल काढायला धावली.

अण्णांनी कोचना सोडलं, फेटा परत घेतला. कोचनी विचारलं, "कसं वाटलं आमचं?"

"पडल्यावर चांगलं लढत्यात," अण्णा म्हणाले. "पर पाडतं कुणीच न्हाई. सगळी आपली आपण पडत्यात."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं जातो. पहिला अर्धा तास अण्णा पोरांना उभं राहायला शिकवतात, उरलेला तास कोच झोपायला. पेट्रोलचे पैसे अण्णा देत नाहीत.